कबाताल्याची जीभ

कड्याची सावली सरोवरावरून मागे सरत किनाऱ्याला लागली आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची टोकं उन्हात आली. वाफ्यांवर ऊन यायला अजून अवकाश होता. या वेळेला किहुकू गावच्या बायका ‘होड्यांचं ऊन’ म्हणतात, आणि तोवर मातीवर पाणी पडलेलं असावं असा तिथला शिरस्ता. कबाताल्याचं पडलं होतं. बुडाला भोकं पाडलेली तीन मडकी तिने दगडांवर बसवली होती, प्रत्येकात वाफ्यावरची खरवडलेली माती भरली होती आणि भोपळ्याच्या तुंब्याने ती वरून बेताबेताने पाणी सोडत होती. खालच्या मडक्यांत थेंब पडायला लागले होते. पाणी मातीतून नीट झिरपतंय की भेगेतून सरळ खाली पळतंय, हे तिला थेंबांच्या आवाजावरून कळायचं. कान शाबूत होते.

जीभ नव्हती. गेल्या पावसाळ्यातल्या तापाने चव नेली ती परत आली नाही. मासा, नाचणी, केळ्याची दारू, सगळं तोंडात सारखंच लागायचं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. किहुकूत मीठ करणाऱ्या बाईची जीभ गेल्याचं कळलं, तर वाफा तिच्याकडे राहत नाही.

वरच्या मुलखात जमीन म्हणजे जिथे नाचणी पिकते ती. किहुकूत काहीच पिकत नाही. कड्याच्या पायथ्याशी गरम झरे आहेत, त्यांचं खारट पाणी जमिनीतून वर येतं, आणि त्या ओल्या जमिनीवर बायका भुसभुशीत माती पसरतात. दिवसभराच्या उन्हात ती माती खालचा खार ओढून घेते. मग ती खरवडायची, पाण्याने निथळायची, ते पाणी चुलीवर आटवायचं. मीठ निघतं. धुतलेली माती टाकून द्यायची नाही, पुन्हा वाफ्यावर पसरायची. कबाताल्याच्या वाफ्यावरची माती तिच्या आजीच्या आजीने हाताळलेली होती. पुरुष मासे मारतात, होड्या बांधतात, भांडतात. वाफे बायकांचे. आईकडून लेकीकडे जातात. लेक नसेल तर नवऱ्याच्या बहिणीकडे.

निथळलेलं पाणी चाखायचं कुणी, यावर किहुकूत फार कडक नियम आहे. वाफ्याची मालकीण चाखेल किंवा तिची लेक. दुसऱ्या कुणाच्या जिभेला ते पाणी लागलं, की त्या जिभेचा वाफ्यावर हक्क लागतो. शेजारणीच्या मडक्याजवळ बसलेली बाई म्हणूनच बोटसुद्धा ओलं करत नाही. पोरींना हे चालायला लागल्यापासून शिकवतात.

कबाताल्यालाही तसंच शिकवलं होतं. दुधाचे दात पडायला लागले तेव्हा आईने डोक्यावर छोटं मडकं दिलं आणि पाणी भरायला लावलं. पुढच्या उन्हाळ्यात माती पसरायला. ती मुठीतून सुटताना पावसाच्या सरीसारखी पातळ पडली पाहिजे. जाड पडली की आई मागून टप्पल मारायची. मग खरवडणं. ओली खालची जमीन खरवडायच्या शिंपल्याला लागता कामा नये. सगळ्यात शेवटी जीभ. सकाळी तोंडात काही न घेता आई तिला बसवायची आणि एकामागून एक करवंट्या पुढे करायची: सरोवराचं पाणी, धुतलेल्या मातीचं, अर्धवट मुरलेल्या मातीचं, पक्कं. “बोल,” आई म्हणायची. चुकली की त्या दिवशीची नाचणी अर्धी. दोन उन्हाळे असे गेले. त्यानंतर कबाताल्या आयुष्यात कधी चुकली नाही. वरून उतरणारे व्यापारी तिच्या मिठाच्या ढेपा बोटाने न ठोकताच घ्यायचे.

तिचं लग्न गावातच झालं. नवरा वादळात बुडाला. चार मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. राहिली ती न्यान्जुरा, पावसात जन्मलेली, म्हणून तेच नाव. ती दुधाचे दात पडायच्या वयात आली त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही. वरच्या मुलखात लोक पावसाची गाणी गात होते आणि खाली किहुकूत वाफ्यांवर घोटाभर पाणी. मीठ नाही म्हणजे नाचणी नाही, केळी नाहीत, सरपण नाही. नुसत्या माशावर गाव सुजलं. कड्यावरून एक कुटुंब उतरलं, पोरगी मागितली, सून म्हणून वाढवू म्हणाले. कबाताल्याने दिली. बदल्यात नाचणीच्या कणग्या आल्या आणि ती जगली.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यान्जुरा परत आली. नवरा मेला होता, मूल नव्हतं. त्यांच्या चालीप्रमाणे थोरल्या दिराने, रुजुम्बाने, तिला आपल्या घरात घ्यायचं होतं. त्याच्या घरात दोन बायका आधीच होत्या, आणि त्यातल्या थोरलीने एवढ्या वर्षांत तिला शेळ्यांच्या गोठ्याबाहेर झोपू दिलं नव्हतं. ती रात्रीतून कड्याची वाट उतरली. रुजुम्बा मागोमाग आला. वाईट माणूस नव्हता तो. मुखियासमोर बसून म्हणाला, “आईच्या वाफ्यावर बसली तर ती वाफ्याची बाई. मग मी कोण नेणारा? नाही बसली, तर ती आमच्या घरची.” मुखियाने निवाडा दिला: पावसाआधीच्या शेवटच्या बाजाराला न्यान्जुराने आईच्या वाफ्यावर केलेलं मीठ मांडायचं. व्यापाऱ्यांनी घेतलं, तर वाफा तिचा.

शेवटचा बाजार उद्या होता. पलीकडच्या काठावरचे डोंगर ढगात गेले होते.

“आई, हे भरलं,” न्यान्जुरा म्हणाली.

पहिल्या मडक्याखालचं पाणी तळहाताएवढं वर आलं होतं. कबाताल्याने करवंटीत थोडं घेतलं, ओठाला लावलं, घोळवलं. नेहमीसारखंच काही नाही. शेजारच्या वाफ्यावरून नणंद बगाया बघत होती, म्हणून तिने सवयीने थुंकून मान डोलावली आणि करवंटी लेकीकडे दिली.

“तू सांग.”

“खारट.”

“किती?”

“चांगलं खारट. जीभ आत ओढली गेली.”

“मग पेटव.”

सरपण पुरेसं नव्हतं. लाकूड कड्यावरून येतं आणि मिठाच्या बदल्यात येतं. या खेपेला कबाताल्याकडे दोन मोळ्या होत्या. एक मोळी चुलीत गेली. धुराने झोपडी भरली, न्यान्जुरा डोळे पुसत फुंकत राहिली. बाहेरून बगायाचा आवाज आला, “वहिनी, तुझी लेक फुंकतेय की रडतेय?”

“दोन्ही, आत्या,” न्यान्जुरा आतून म्हणाली. “तुमच्याकडे एकाच वेळी एकच काम करतात का?”

बायका हसल्या. बगायाही हसली. न्यान्जुराचं बोलणं वरच्या मुलखाचं होतं, शब्द लांबवून टाकायची, आणि किहुकूच्या बायकांना त्याची गंमत वाटायची. त्या तिला मागून बोलायच्या ते वेगळं. “ती माती पसरते की कोंबड्यांना दाणे टाकते?” बगायाच्या थोरल्या मुलीने एकदा विचारलं होतं, आणि ती मुलगी न्यान्जुराहून बरीच लहान होती.

पाणी आटलं. मडक्याच्या तळाशी मीठ बसलं ते मूठभरही नव्हतं. राखाडी, ओलसर, ढेप न होणारं.

कबाताल्या त्याच्याकडे बघत बसली. आग बरोबर होती, मडकं जुनं आणि चांगलं होतं, आटवणं तिने स्वतः पाहिलं होतं. चूक पाण्यात होती. पाणी कच्चं होतं. माती एकसारखी मुरलेली नसते. वाफ्याच्या झऱ्याकडच्या कडेची लवकर पिकते, कड्याकडची उशिरा. न्यान्जुराने ती खरवडताना मिसळली होती, तीन मडक्यांत कुठली कुठे गेली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. जीभ सांगू शकली असती.

“इकडे ये,” तिने लेकीला बोलावलं. धुतलेल्या मातीचा ढीग बाहेर पडला होता. त्यातली मूठभर तिने पाण्यात कालवली, गाळली आणि करवंटी पुढे केली. “हे चाख.”

न्यान्जुराने चाखलं. “खारट.”

“मघासारखं?”

“थोडं कमी असेल. पण खारटच की.”

“ही धुतलेली माती आहे. यातलं मीठ काढून झालंय.”

न्यान्जुराने करवंटी खाली ठेवली. मग म्हणाली, “वरती आम्ही लव्हाळं जाळायचो. त्याची राख पाण्यात घालून, गाळून, तेच कालवणात. ढेपेचं मीठ पाहुणे आले की थोरली काढायची. तिच्या बोटाला चिकटलेलं मी चाटलंय, एवढंच.” तिने ओठ पुसले. “मला हे सगळंच खारट लागतं, आई.”

कबाताल्याला यात नवीन काही वाटायचं कारण नव्हतं. ज्या वयात पोरीसमोर करवंट्या मांडायच्या, त्या वयात तिने तिला कणग्यांच्या बदल्यात वर पाठवलं होतं. जीभ त्याच दोन उन्हाळ्यांत घडते, नंतर घडत नाही, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं. तिने हा विचार इतके महिने केला नव्हता, कारण तो करून उपयोग नव्हता.

“मग तूच चाख ना,” न्यान्जुरा म्हणाली. “मला कशाला विचारतेस? तुला तर...”

आई तिच्याकडे बघत नव्हती. चुलीतल्या राखेत काडी फिरवत होती. न्यान्जुराला हळूहळू कळलं. परवा तिने कालवणात तिखट कंद जास्त घातला होता आणि आई न थांबता जेवली होती. सडलेला मासा आईच्या पानात गेला होता आणि तिने तो संपवला होता.

“केव्हापासून?”

“पावसाळ्यातल्या तापापासून.”

“मग त्या आत्याला विचार. तिला तर येतं.”

“गप्प बस,” कबाताल्या म्हणाली, आणि मडक्यांवर पाणी सोडायला बाहेर गेली. एवढंच म्हणाली. का विचारायचं नाही, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ती गोष्ट कुणाला सांगावी लागते असं किहुकूत कुणालाच माहीत नव्हतं. विस्तवाला हात लावू नये, हे जसं सांगत नाहीत.

सूर्य डोक्यावर आला. दुसरं आणि तिसरं मडकं भरलं, पहिल्यात नवी माती भरली होती, त्याच्याखालीही पुन्हा पाणी जमलं होतं. मोळी एक उरली होती. तीनपैकी एक मडकं आटवता येणार होतं, आणि कबाताल्या एकाकडून दुसऱ्याकडे जात, पाण्यात बोटं घालून ती एकमेकांवर घासत होती. पक्कं पाणी बोटांना किंचित बुळबुळीत लागतं असं आई म्हणायची. तिला तिन्ही सारखी लागत होती. दुसऱ्या मडक्यावर ती जास्त वेळ थांबली, मग उगाचच तिसऱ्याकडे गेली.

तिची पाठ होती तेवढ्यात न्यान्जुराने तिन्ही मडक्यांतलं थोडं थोडं पाणी तीन करवंट्यांत घेतलं, पानावर ठेवलं आणि मधला दगडांचा बांध ओलांडून बगायाच्या वाफ्यात गेली. सगळ्या बायका खरवडायच्या थांबल्या. कुणीतरी “अगं ए!” म्हणालं. न्यान्जुराला वाटलं, आपण कुणाच्या तरी पसरलेल्या मातीवर पाय दिला. तिने खाली बघितलं, पाऊल बाजूला घेतलं आणि पुढे गेली.

“आत्या, यातलं पक्कं कुठलं ते सांगता? आईला बरं नाही.”

बगायाने करवंट्यांकडे बघितलं, मग पोरीकडे. “तुला आईने पाठवलं?”

“नाही.”

“तुला माहीत आहे तू काय आणलंयस?”

“पाणी,” न्यान्जुरा म्हणाली.

बगायाच्या दोन मुली होत्या आणि वाफा एकच. या क्षणाची ती भाऊ बुडाल्यापासून वाट बघत होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिथल्या तिथे ती करवंटी उचलून ओठाला लावू शकली असती आणि कुणी बोट ठेवलं नसतं. ती उठली, पान दोन्ही हातांत घेतलं, एक थेंब सांडू न देता बांधापर्यंत आली आणि पलीकडे उभी राहिली.

“अब्वोली,” ती म्हणाली. एरवी ती वहिनी म्हणायची. अब्वोली हे कबाताल्याचं मानाचं हाकेचं नाव, ते ती सणासुदीलाच घ्यायची. “तुझ्या लेकीने हे माझ्याकडे आणलं. मी अजून तोंडाला लावलेलं नाही. इथे सगळ्यांनी बघितलंय. परत घेऊन जा म्हणालीस तर परत देते.”

कबाताल्या ओल्या हातांनी उभी राहिली. बायका बघत होत्या. अंजिराच्या झाडाखाली कालपासून उतरलेले व्यापारी बसले होते, त्यांच्यात रुजुम्बाही होता, तोही उठून आला.

“काय झालं?” न्यान्जुराने विचारलं. “मी काय केलं?”

शेजारच्या एका म्हातारीने तिला सांगितलं, थोडक्यात आणि फारशी दया न दाखवता. न्यान्जुरा ऐकत असताना तिचा हात तोंडाकडे गेला.

“द्या परत,” ती म्हणाली. “आत्या, द्या ते. मी नाही आणलं. द्या.”

“मी आईला विचारलंय, तुला नाही,” बगाया म्हणाली.

कबाताल्या बांधाजवळ आली. “बगाया, चाखलंस तर पोरीला ठेवून घेशील?”

“कशाला? वीस उन्हाळे पाहिलेल्या बाईला मी पाणी चाखायला शिकवू? माझ्या मुली हसतील.”

“पाणी भरेल. सरपण वाहील.”

“ते करेल. माझी ना नाही.” बगायाने रुजुम्बाकडे हनुवटी केली. “त्याला विचार.”

रुजुम्बाने डोकं खाजवलं. “अब्वोली, वाफा असता तर गोष्ट वेगळी होती. मी मुखियासमोर बोललोय, ते मोडणार नाही. पण पाणी भरायला आमच्याकडेही झरा आहे. तिथेही डोक्यावरच वाहतात.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

एक वाट अजून उघडी होती. करवंट्या परत घ्यायच्या, तीनपैकी एक मडकं आंधळेपणाने चुलीवर चढवायचं आणि पाणी पक्कं निघावं एवढीच आशा धरायची. निघालं तर वाफा न्यान्जुराचा. नाही निघालं तर उद्या मांडायला काही नाही, घरात नाचणीचा दाणा नाही, पुढे पावसाचे महिने. तेव्हाही रुजुम्बा तिला नेणारच होता, आणि कबाताल्या मागे एकटी, न चालणाऱ्या वाफ्यावर. चाखू दिलं, तर ज्या जिभेने वाफा घेतला त्या घराने आधीच्या मालकिणीला खायला घालायचं, असाही नियम होता.

“दुसरं मडकं,” कबाताल्या हळूच म्हणाली, स्वतःशीच. “मला दुसरं वाटतं.”

“वाटतं?” न्यान्जुराने विचारलं.

कबाताल्याने ओली बोटं पुन्हा एकमेकांवर घासली.

न्यान्जुरा बांध ओलांडून आईच्या बाजूला येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, “आई, चाखू दे त्यांना.”

“तुला कळतंय का, काय म्हणतेस?”

“आता कळलं. वरती मला नाचणी मिळते. दिवसाला एकदाच, पण मिळते. तुला इथे कोण देणार?”

“ती तुला गोठ्यात निजवते.”

“गोठा माझ्या ओळखीचा आहे.”

“अजून दुसरं मडकं आहे. ते पक्कं असू शकतं.”

“असू शकतं,” न्यान्जुरा म्हणाली. “तू पैजेवर चूल पेटवलीयेस कधी?”

कबाताल्याने कधीच पेटवली नव्हती. ढगांची सावली सरोवरावरून येऊन होड्यांवर चढली, तेव्हा बगायाने पाय बदलला.

“चाख,” कबाताल्या म्हणाली.

बगायाने पहिली करवंटी ओठाला लावली, थुंकली. दुसरी लावली. घोळवली, पुन्हा थुंकली. “पाणीच आहे,” ती म्हणाली. तिसरी चाखल्यावर तिने ती रिकामी केली नाही, खाली ठेवली. “हे पक्कं आहे. पेटवा.” मग आपल्या थोरल्या मुलीला हाक मारली, “ती दोन मडकी उचल, ताज्या मातीवरून पुन्हा निथळायला घे. आणि जाड धार सोडू नकोस.”

आता मडकी तिची होती, म्हणून ती हुकूम देत होती. कुणाला वावगं वाटलं नाही.

दुसरं मडकं कच्चं निघालं, हे कबाताल्याने ऐकलं. ती खाली बसली आणि चुलीत लाकूड सारलं. न्यान्जुरा फुंकायला वाकली तर तिने तिला हाताने बाजूला केलं. फुंकली ती स्वतःच. पाणी आटत गेलं तसा कडेला पांढरा काठ धरला. शेवटी शेवटी ढवळायचं थांबवायचं असतं, ती वेळ तिने डोळ्यांनी ओळखली. मीठ पांढरं, कोरडं आणि भरपूर निघालं. बगायाने ते केळीच्या पानांत दाबून ढेपा बांधल्या, प्रत्येकीवर आपल्या घरची गाठ मारली. आतापर्यंत कबाताल्याच्या आईची गाठ असायची, सालीचा दोर दोनदा फिरवून आत दुमडलेली. बगायाची साधी होती.

“एक ढेप मला हवी,” न्यान्जुरा म्हणाली.

“कशाला?”

“वर गेल्यावर थोरलीला देईन. पाहुण्यांना काढायला.”

बगायाने तिच्याकडे बघितलं, ती खरंच म्हणतेय की टोमणा मारतेय हे तिला ठरवता येईना. मग एक छोटी ढेप बाजूला काढून दिली.

संध्याकाळी मायलेकी बगायाच्या घरी जेवल्या. नाचणी उधार आणलेली होती. बगायाच्या धाकट्या मुलीने कबाताल्याला विचारलं, “मामी, कालवणात मीठ बरोबर आहे?” आणि बगायाने तिच्या पाठीत धपाटा घातला. कबाताल्या म्हणाली, “बरोबर आहे.” न्यान्जुराने दोनदा कालवण घेतलं. नंतर दोघी आपल्या झोपडीत गेल्या. बोलल्या ते फक्त वाटेबद्दल: कड्यावरच्या निसरड्या वळणाबद्दल, चांगला दगड कुठला आणि हलणारा कुठला.

उद्या होड्यांचं ऊन पडायच्या आत बगायाची थोरली मुलगी कबाताल्याच्या वाफ्यावर माती पसरेल. बाजार उठला की रुजुम्बाची माणसं मिठाच्या ढेपा घेऊन कडा चढायला लागतील, आणि त्यांच्यात शेवटून दुसरी न्यान्जुरा असेल. वाफ्याच्या कडेला मिठाची माती चाटायला येणाऱ्या शेळ्या हाकलण्याचं काम बगायाने कबाताल्याला दिलं आहे. शेळ्या सकाळी सोडतात, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी तिथे असावं लागेल.